बाईसाहेबांचं डबकं

पाणीपुरवठा खात्यात माझा जन्म गेला. माझ्या अखत्यारीतली टाकी एकदाही कोरडी पडली नाही एवढीच माझी कीर्ती, आणि तीसुद्धा मलाच लोकांना सांगावी लागते. खात्यात माझ्या माघारी सगळे मला 'टाकी' म्हणायचे. हे आपल्या कामाचं कौतुक आहे अशी माझी निवृत्तीपर्यंत समजूत होती. निरोपाच्या समारंभात एका सहकाऱ्यानं भाषणाच्या ओघात खुलासा केला की ते नाव माझ्या पोटावरून पडलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती माझी बायको.

अशा माणसाच्या हाती माझ्या मुलीनं एक डबकं सोपवलं.

डबकं म्हटलेलं तिला खपत नाही. 'हंगामी तळं' म्हणायचं. ठकू वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. बाहेर तिला मॅडम म्हणतात, माणसं खुर्चीवरून उठून उभी राहतात. घरात ती ठकूच. तिचं हे तळं गावाबाहेर, एका रोपवाटिकेच्या मागच्या मोकळ्या पडीक जमिनीवर. पावसाळ्यात तिथे खोलगट भागात पाणी साचतं, पाऊस गेला की आटतं. एरवी तिथे थांबून बघावं असं काही नाही. मी नोकरीत असताना ही जागा पाहिली असती तर 'निचऱ्याची सोय नाही' असा शेरा मारून बुजवायला सांगितली असती.

आता ती बुजवणारच होते. मालाचं गोदाम व्हायचं होतं तिथे. आणि त्या गोदामाच्या आड उभं होतं एक फूल. बोटाच्या नखाएवढं, फिकट जांभळं, गळ्यात दोन काळे ठिपके. ठकूच्या म्हणण्यानुसार ते आता या एकाच डबक्यात उरलं होतं, आणि तिथेही गेली काही वर्षं कुणाला दिसलेलं नव्हतं. त्याला लांबलचक शास्त्रीय नाव आहे, मला ते अजून एका दमात म्हणता येत नाही. मी त्याला 'बाईसाहेब' म्हणतो, कारण इतके नखरे मी फक्त एकदाच, आमच्या खात्याच्या बड्या साहेबांच्या बाईसाहेबांच्या बंगल्यावर नळ बसवताना पाहिले होते.

ठकूनं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून मला सगळं समजावून सांगितलं. पाऊस संपल्यानंतर एक पाहणी समिती येणार. समितीचा नियम सरळ होता: फूल जागेवर, फुललेलं, सभासदांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. दिसलं तर जागा राखीव. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून यंत्रं लागणार.

"मला दुसऱ्या तळ्यांवर राहावं लागणार, बाबा," ती म्हणाली. "सगळ्यांचा हंगाम एकदमच असतो. तुम्ही रोज सकाळी एक चक्कर मारायची. बघायचं आणि मला फोन करायचा. बस."

"बस?"

"बस. कशालाही हात लावायचा नाही."

"पाण्याची पातळी मोजायला पट्टी रोवली तर चालेल?"

तिनं आईकडे पाहिलं. ही शिवणाच्या यंत्रावर बसली होती. तिचं बायकांचे कपडे शिवायचं काम घरूनच चालतं. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला बोलता आलं नाही, पण तिच्या भुवया बोलल्या.

"पट्टी चालेल," ठकू म्हणाली. "आता नीट ऐका. याचं बी चिखलात पडून राहतं, वर्षानुवर्षं. पाणी साचलं की रुजतं. पाण्याखालीच रोप वाढतं. आणि मग—"

नेमका त्याच क्षणी मोरीवरचा नळ ठिबकायला लागला.

ज्यांनी पाण्याच्या खात्यात नोकरी केलेली नाही त्यांना हे कळणार नाही. नळ ठिबकत असताना मला दुसरं काही ऐकू येत नाही. माणूस बोलतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, पण कानात फक्त टप, टप. मी उठलो, पाना आणला, नळाचं डोकं खोललं आणि आतला वायसर बदलला. मी परत येऊन बसलो तेव्हा ठकू म्हणत होती, "...म्हणून हे लक्षात ठेवायचं. कळलं ना?"

"कळलं की," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता. शाळेत असताना एकदा तिनं धरणाची प्रतिकृती करायला घेतली होती. मी 'जरा मदत' म्हणून बसलो आणि दरवाजे, सांडवा, कालवे सगळं स्वतःच केलं. पहिला नंबर आला. परीक्षकांनी तिला प्रश्न विचारले तेव्हा तिनं मुकाट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, आणि घरी येऊन रडली. त्यानंतर तिनं आपल्या कामात मला कधी नाक खुपसू दिलं नाही. आता इतक्या वर्षांनी ती आपणहून माझ्याकडे काहीतरी मागत होती. त्या डबक्यासाठी मी प्राणसुद्धा दिले असते. तिनं प्राण मागितले नव्हते, फक्त लुडबूड करू नका म्हणाली होती, पण ते त्यापेक्षा अवघड होतं.

मी कामाला लागलो. खात्यातून निवृत्त होताना मी माझे रबरी बूट घरी आणले होते. डाव्या बुटाच्या टाचेचा एक टवका उडालेला आहे. कधीकाळी त्यावर लोखंडी झाकण पडलं होतं, सुदैवानं पाय आत होता तरी बोटं पुढे होती. ते बूट घालून, हातात पट्टी घेऊन मी पहिल्या दिवशी डबक्यात उतरलो आणि सरळ बसलोच. चिखलानं मला धरलं ते सोडेना. शेवटी रोपवाटिकावाल्यानं मला बाहेर ओढून काढलं. रोपवाटिकावाला हा एक तिरसट माणूस, झाडांशी गोड बोलतो आणि माणसांवर डाफरतो.

"पोहायचं होतं का?" त्यानं विचारलं.

"शास्त्रीय काम आहे," मी कमरेपर्यंतचा चिखल निपटत म्हणालो.

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. रोपवाटिकेच्या फाटकातून आत, मागच्या दारातून बाहेर, मग सरळ रेषेत डबक्यापर्यंत. काठावरून पाण्यात दोन पावलं उतरायचं, पट्टी वाचायची आणि चिखलानं जड झालेले बूट ओढत त्याच वाटेनं परत यायचं. मऊ ओली जमीन आणि माझं वजन. बूट घोट्यापर्यंत रुतायचे. घरी गेलं की ही मला बाहेरच थांबवून बूट काढायला लावायची.

पाऊस होता तोवर सगळं उत्तम होतं. मग पाऊस गेला, आणि पट्टीवरचं पाणी खाली यायला लागलं.

एखाद्या आईला आपलं मूल वाळताना बघून जे वाटेल ते मला त्या पट्टीकडे बघून वाटायचं. पातळी रोज उतरत होती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीची मला धास्ती होती तीच माझ्या डोळ्यांदेखत घडत होती, आणि मी म्हणे नुसतं बघायचं! मुलीनं विश्वासानं पाणी हवाली केलं आणि बापानं ते आटू दिलं, असं कसं चालेल? मला जेवण जाईना. म्हणजे जेवत होतो, पण मन लागत नव्हतं.

रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीला एक नळ होता.

"डबक्याला पाणी घालणार?" रोपवाटिकावाल्यानं दोनदा विचारलं.

"हो."

"का?"

"आटू नये म्हणून."

"आटलं तर काय होईल?"

"आटेल ना!" मी म्हणालो. माझ्या मते हे पुरेसं उत्तर होतं.

त्याच्या टाकीचा तरंगता गोळा अडकून पाणी वाहून जात असे. मी तो दुरुस्त करून दिला, त्या बदल्यात त्यानं नळ वापरू दिला. पाईप मी घरातले, शेजाऱ्यांचे, आणि खात्यातल्या एका जुन्या मित्राकडचे असे तुकडे जमवून एकमेकांत खुपसून बनवला. तो प्रत्येक जोडापाशी गळायचा. मी, ज्यानं सबंध गावाच्या गळत्या जमिनीला कान लावून शोधल्या, तोच मी त्या पाईपाकडे बघून म्हणायचो, "तात्पुरतं आहे, चालेल." वाटभर चिखल व्हायचा, माझ्या पावलांच्या खळग्यांत पाणी साचायचं, आणि त्यातूनच मी पुढे जाऊन डबक्यात पाईप सोडायचो. पट्टीवरचं पाणी पुन्हा आपल्या जागी आलं. मला शांत झोप लागायला लागली.

रोज ठकूला फोन व्हायचा.

"पाणी कसं आहे, बाबा?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"भरपूर."

"अजून?" तिच्या आवाजात काळजी असायची. "आणि फूल?"

"नाही अजून."

मला वाटायचं, बिचारीला पाणी पुरेल की नाही याची चिंता आहे. मग मी दुसऱ्या दिवशी नळ थोडा जास्त वेळ सोडायचो.

हिला मात्र संशय आला. विजारीचे पाय रोज ओले कसे, हे तिनं विचारलं. मी दवाचं कारण सांगितलं. हिनं माझी विजार हातात धरली, खालचा ओला भाग गळ्यातल्या टेपनं मोजला आणि म्हणाली, "एवढं दव? तुम्ही दवात पोहता का?"

मी सांगून टाकलं. हिनं कपाळाला हात लावला. "ठकूनं कशालाही हात लावू नका सांगितलं होतं."

"मी पाण्याला हात लावलाच नाही. पाईपानं घातलं."

समितीची तारीख जवळ आली तेव्हा ठकू आली. मी पाईप गुंडाळून ठेवला आणि तिला मोठ्या दिमाखात डबक्यापाशी नेलं. पाणी काठोकाठ होतं, त्यात आभाळ दिसत होतं. माझ्या छातीत तेव्हा काय अभिमान होता म्हणून सांगू! मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. शाबासकीच्या आशेनं बरं का, या वयात.

तिनं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या पट्टीकडे. मग म्हणाली, "पण असं कसं होईल?"

"का? छान भरलंय की."

"बाबा, आजूबाजूची सगळी तळी केव्हाच आटली. हे आटल्याशिवाय फुलणारच नाही. मी सांगितलं होतं ना तुम्हाला? रोप पाण्याखाली वाढतं, पण कळी धरते ती पाणी उतरून चिखल सुकायला लागल्यावरच. पाणी राहिलं तर ते पाण्यातच कुजून जातं."

तर वायसर बदलत असताना माझ्या हातून निसटलेलं वाक्य ते होतं.

मी कबुली द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात ठकू गुडघ्यांवर बसली, काठाचा चिखल चाचपडू लागली, आणि जेव्हा तिनं वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे लकाकत होते. अगदी लहान असताना बागेत गोगलगाय सापडली की लकाकायचे तसेच.

"बाबा, खाली झरा असणार! जमिनीखालून पाणी येत असणार. दुसरं काही कारणच नाही. हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही!"

आता सांगावं की नको? मुलगी इतकी आनंदात, आणि तिचा झरा म्हणजे मी. मला लाज वाटली, त्याहून जास्त भीती वाटली. हे कळलं की ती मला पुन्हा कधी काही सांगणार नाही, ही ती भीती. मी मूग गिळून बसलो.

"असेल, असेल," मी म्हणालो. "निसर्ग आहे."

त्या दिवसापासून मी पाईप बंद केला. रोपवाटिकावाल्यानं विचारलं, "आज आंघोळ नाही का डबक्याची?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण डबकं आता आटायचं नाव घेईना. मी त्याला इतकं चांगलं भरलं होतं की ऊन बिचारं हरलं. फोनवर मी ठकूला सहज आवाजात विचारून पाहिलं, "एखादा पंप लावून उपसून टाकू का?"

"बाबा!" ती ओरडली. "तळाचा चिखल ढवळला जाईल, होती नव्हती ती रोपं जातील. काहीही करू नका. आयुष्यात एकदा तरी काही न करता बसून दाखवा."

मी बसलो. रोपवाटिकावाल्याचे टोमणे चुकवायला बाहेरून वळसा घालून, घडीची खुर्ची नेऊन डबक्याच्या काठी रोज सकाळी काही न करता बसलो. काही न करणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कष्टाचं काम ठरलं. संध्याकाळी पाठ धरायची.

"सांगा तिला," ही रोज म्हणायची.

"सांगतो."

"कधी?"

"समिती होऊन जाऊ दे."

"आणि तिनं समितीला झऱ्याचं सांगितलं तर?"

"छे! ती इतक्यात कशाला सांगेल? शास्त्रज्ञ आहे, खात्री केल्याशिवाय बोलणार नाही."

मला माझी मुलगी कळत नाही हे आता वेगळं सांगायला नको.

समिती आली. अध्यक्षबाई ठेंगण्या, करारी, पांढरे बूट घालून आलेल्या. त्यांच्याबरोबर दोन सभासद आणि गोदाम बांधणाऱ्यांचा एक अधिकारी. हा इतका नम्र होता की त्याच्या नम्रतेनंच माझ्या अंगावर काटा आला. पाणी थोडंसं उतरलं होतं, काठाला हाताच्या पंजाएवढी ओली पट्टी उघडी पडली होती. तिच्यावर एक गवताचं पातंही नव्हतं, फुलाची गोष्ट दूरच. सगळे डबक्याला वळसा घालून आले. फूल नाही.

"मॅडम, हंगाम तर संपला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथे इतकं पाणी कसं?"

आणि ठकूनं झऱ्याचं सांगितलं. छान सांगितलं. हातवारे करून, जमिनीचा उतार दाखवून. मी मागे उभा होतो. मला वाटत होतं की जमीन फाटावी आणि मला पोटात घ्यावं. एवढी ओली जमीन होती, मनावर घेतलं असतं तर घेतलंही असतं.

अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाला, "मॅडम, मी अडाणी माणूस. पण झरा असेल तर हे पाणी आता आटणार नाही. आणि आटणार नसेल तर तुमचं फूल इथे यायचंच नाही. मग राखून ठेवायचं काय?"

ठकूचा चेहरा उतरला. तिच्याच तोंडून तिची बाजू बुडाली होती, आणि बुडवण्यासाठी पाणी मी पुरवलं होतं.

मला तिच्याकडे बघवेना. मी मान खाली घातली. खाली माझी वाट होती. पाईप बंद केल्यावर ती केव्हाच सुकली होती, माझ्या बुटांचे खळगे कडक होऊन तसेच राहिले होते. आणि माझ्या उजव्या पायासमोरच्या खळग्यात काहीतरी जांभळं होतं.

मी वाकलो. पोटामुळे मला वाकायला वेळ लागतो, पण मी वाकलो. बोटाच्या नखाएवढं. गळ्यात दोन काळे ठिपके. त्याच्या पुढच्या खळग्यात तीन. त्याच्या पुढच्यात दाटीवाटीनं मूठभर.

"ठकू," मी म्हणालो. माझा आवाज चोरासारखा आला. "ठकू, बाईसाहेब."

ती धावत आली. तिनं पाहिलं आणि तशीच जमिनीवर पालथी पडली, चांगले कपडे घालून. अध्यक्षबाईंनी पांढऱ्या बुटांचा विचार न करता गुडघे टेकले. माझा जीव भांड्यात पडला. सुटलो, मला वाटलं. फूल सापडलं, झरा राहिला बाजूला, आता कोण विचारतंय पाणी कुठून आलं?

अधिकारी विचारत होता. "माफ करा," तो म्हणाला, "पण ही फुलं एका ओळीत कशी?"

सगळ्यांनी माना वर केल्या. ओळ अगदी सरळ होती. डबक्याच्या काठापासून निघून जांभळे ठिपके टाकत ती थेट रोपवाटिकेच्या मागच्या दाराशी, त्या नळापाशी पोहोचली होती.

"रानातलं फूल ओळीत उगवत नाही. आणि शेजारी रोपवाटिका आहे. मी कुणावर आरोप करत नाही, पण पाहणीच्या आदल्या दिवशी इथे कुणी रोपं आणून लावली नाहीत याची खात्री मॅडम देतील का?"

ठकू उठून उभी राहिली. ती पांढरी पडली होती. तिची सगळी नोकरी, सगळं नाव त्या एका प्रश्नात अडकलं होतं, आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर माझ्याकडे होतं.

मी आयुष्यात भाषणं केली नाहीत. पहिलंच केलं. म्हणालो, "कुणी लावलेली नाहीत. ते माझे पाय आहेत."

"म्हणजे?"

"मी पाणी घालत होतो. या नळानं, पाईप लावून, रोज. आटू नये म्हणून. झरा वगैरे काही नाही. झरा मी आहे."

कुणीतरी हसलं. मी माझा बुटातला डावा पाय उचलला आणि पहिल्या खळग्याशेजारी फुलाला धक्का न लावता टेकवला. टवका उडालेली टाच आणि मातीतला तसाच ठसा शेजारी शेजारी दिसत होते. "पाईप गळका होता," मी म्हणालो. हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटली. "जोडांपाशी गळायचा. हे खळगे भरायचे. मी बंद केलं तेव्हा डबकं भरलेलंच राहिलं, पण हे छोटे, हे लगेच सुकले."

रोपवाटिकावाला भिंतीवरून ऐकत होता. अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं, "ही रोपं तुमच्याकडची आहेत का?"

"असलं बारकं कोण विकत घेणार?" तो डाफरला. "आणि हे गृहस्थ खरं सांगतायत. रोज डबक्याला पाणी पाजायचे. मी विचारलंही होतं, आटलं तर काय होईल. म्हणाले, आटेल."

अध्यक्षबाईंनी एका ठशाच्या कडेची माती नखानं हलकेच उकरली. मुळं आत खोल गेली होती, कडक मातीत घट्ट धरून. काल लावलेल्या रोपाची अशी नसतात, त्या म्हणाल्या, आणि उठून गुडघे झाडले. "फूल जागेवर आहे, फुललेलं आहे, आम्ही पाहिलं," त्या म्हणाल्या. "पाणी कुणी घातलं हे नियमात नाही. जागा राहील." मग माझ्याकडे वळून पुढे म्हणाल्या, "मात्र यांना नळापासून दूर ठेवा."

घरी येईपर्यंत ठकू माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी चार वेळा 'अगं' म्हटलं आणि चारही वेळा पुढचं वाक्य सुचलं नाही. स्वयंपाकघरात ती टेबलापाशी बसली. हिनं चहा ठेवला आणि यंत्राकडे न जाता तिथेच उभी राहिली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ठकू शेवटी म्हणाली. "इथेच बसून. आटल्यावर फुलतं म्हणून. तुम्ही 'कळलं की' म्हणालात."

"तेव्हा नळ ठिबकत होता," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडणार, आणि ओरडली असती तर बरंच झालं असतं. पण तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले, मग खांदे, आणि मग ती टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. हसता हसता रडली, की रडता रडता हसली, ते मला ठरवता येईना. मी तिच्या पाठीवर हात ठेवावा की ठेवू नये या विचारात असताना हिनंच तो ठेवला.

"झरा!" ठकू डोळे पुसत म्हणाली. "मी त्यांना उतार दाखवत होते, बाबा! हात हलवून!"

"छान हलवत होतीस."

"गप्प बसा."

मी गप्प बसलो. ती चहा पिता पिता बोलायला लागली, आधी थोडी रागानं, मग विसरून. म्हणाली, बी तळ्याच्या काठच्या चिखलात होतं आणि ते तुमच्या बुटांना चिकटून वाटेवर पडलं. दुसऱ्या ठिकाणी हे काम गुरं करतात. गुरांच्या खुरांचे खळगे पडतात, त्यांत पाणी साचतं, सुकतं आणि अशीच दुसरी फुलं येतात. या जमिनीवर गुरं यायची बंद झाली आणि फूलही दिसेनासं झालं, यांचा काही संबंध असेल हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. आता अहवालात लिहावं लागणार.

"माझं नाव घालणार?" मी विचारलं.

"'एका जड सस्तन प्राण्याच्या वावरामुळे' असं लिहीन."

हिला इतका जोराचा ठसका लागला की चहा नाकात गेला. निरोपाच्या समारंभातसुद्धा ती इतकी हसली नव्हती.

"पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यायचं," ठकू म्हणाली. "रोज चालायचं, त्याच वाटेवर आणि दुसऱ्या बाजूलाही. पाईप नाही, पट्टी नाही, पंप नाही. नुसतं चालायचं. आता नीट ऐका, कारण यात एक महत्त्वाचं आहे."

आणि मोरीवरचा नळ ठिबकायला लागला. माझ्याच हातचा वायसर.

टप.

माझ्या टाचा जमिनीवरून उठल्या. हिनं माझ्याकडे पाहिलं. ठकूनं पाहिलं नाही, ती कपाशी चाळा करत बोलतच होती, कसं चालायचं, कुठे थांबायचं, कधी जाणं बंद करायचं ते. टप. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. टप. पाणी वाया जात होतं, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

मी बसून राहिलो. ती बोलत होती, आणि या वेळी मी सगळं ऐकलं.